सगुणची खुटी

“सगुण,” धाकूआजाने नाव घेतलं आणि खुटी धरलेला हात पाठीमागे केला.

कोणीच ती खुटी घ्यायला गेलं नाही. वाळूवर अडतीस माणसं उभी होती, आम्ही बायका टोपल्या घेऊन जरा वरच्या अंगाला, आणि सगळ्यांच्या मध्ये मासळीचे वाटे. सुरमई एक-दोनच, बाकी सगळा तारलीचा चकचकाट. धाकूआजा नेहमीसारखा वाट्यांकडे पाठ करून बसला होता. त्याला काही कळेना.

“अरे, घ्या मरे! सगुण म्हटलंय मी. हात दुखतत माझे.”

सगुण माझा नवरा. त्या दिवशी त्याला मरून अकरा महिने झाले होते.

ही गोष्ट साठ वर्षांमागची. शिरवेळची आमची वाडी म्हणजे पस्तीस-चाळीस घरं, मागे माड, पुढे दर्या. वाडीची एक रापण होती. आता रापण बघायला लोक गाड्या करून येतात, तेव्हा ते आमचं पोट होतं. पहाटे होडी जाळं घेऊन आत जायची, मोठा अर्धगोल मारून परत किनाऱ्याला लागायची, आणि मग दोन टोकांचे दोन दोर वाडीतले पुरुष तास दोन तास ओढत बसायचे. एक उत्तरेचा दोर, एक दक्षिणेचा. जाळं तेवढं लांब कोणा एकाचं कसं असणार? प्रत्येक घराने आपापला तुकडा आणायचा, तो शेजारच्याच्या तुकड्याला शिवायचा, तेव्हा कुठे रापण व्हायची. होडी बाबल तांडेलची, दोर सगळ्यांचे, जाळं ज्याचं त्याचं.

म्हणून आमच्याकडे वाटे दोन पडत. एक अंगाचा, जो ओढायला आला त्याचा. दुसरा जाळ्याचा, ज्याचा तुकडा पाण्यात गेला त्याचा. माणूस आजारी पडला तर अंगाचा वाटा चुकायचा, जाळ्याचा चुकायचा नाही. माणूस मेला तरी नाही.

आमचा तुकडा मी आणि सगुणने लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात विणला होता. तो डावरा. त्याची गाठ उलटी पडायची, माझी सुलटी. निम्मं जाळं असं, निम्मं तसं. रापण वाळत घातली की लांबूनही आमचा तुकडा कळायचा. माणसं हसायची, “सगुणाच्या जाळ्यात मासो चक्कर येवन पडता!” तो पण हसायचा. दर पंधरवड्याला ऐनाच्या सालीच्या रसात तो तुकडा उकळायचा, जाळ्याची फाटलेली घरं सांधायची. हे सगळं माझ्याकडे होतं. तो गेल्यावरही माझ्याकडेच राहिलं.

आता खुटीचं सांगते. ओढणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला कापडी पट्टा असे, पट्ट्याला हातभर दोरी, आणि दोरीच्या टोकाला वीतभर लाकडाची खुटी. ती खुटी मोठ्या दोराला वेढा देऊन अडकवायची आणि अंगाचा भार टाकून मागे मागे चालायचं. ज्याची खुटी त्याने स्वतः तासायची, दुसऱ्याची वापरायची नाही. जाळं किनाऱ्याला लागलं की प्रत्येकाने आपली खुटी सोडून धाकूआजाच्या टोपलीत टाकायची. धाकूआजा दोन्ही डोळ्यांनी आंधळा. म्हणून वाटे वाटायचं काम त्याच्याकडे. तो पाठ करून बसायचा, टोपलीतून एक खुटी काढायचा, अंगठ्याने चाचपायचा, नाव घ्यायचा. ती खुटी एकेका वाट्यावर ठेवली जायची. कोणाला मोठा वाटा, कोणाला लहान, ते ठरायचं आंधळ्याच्या हातून. भांडणाला जागाच नाही.

सगुणची खुटी फणसाची. डावऱ्या हाताने ओढून ओढून तिला उलट्या बाजूने खाच पडलेली. त्याला ताप आला आणि नवव्या दिवशी तो गेला, तेव्हा वाडीच्या रीतीप्रमाणे मी ती खुटी त्याच्या मुठीत ठेवली. सगळ्यांनी बघितलं. वाडीच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, त्याला जाळला.

पुढचे दहा महिने जाळ्याचा वाटा मला बिनबोभाट मिळाला. मग मासळी कमी येऊ लागली. बाबल तांडेलने देवळाच्या पारावर माणसं जमवली.

बाबल माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. वाईट माणूस नव्हता. सगुणच्या तापात बैलगाडी काढून वैद्य आणायला तोच गेला होता. पण होडी त्याची, बोलणं त्याचं.

“मुंबैक गिरणीत बसान तिघे जण हय जाळ्याचो वाटो खातत,” तो म्हणाला. “तीन घरात बापयो माणूसच नाय. आमी सकाळी थंडीत आंग मोडून घेतो, आणि वाटो घरात बसलेल्याक. ह्या बरा काय?”

“जाळा आमचा नाय काय?” मी मागून विचारलं. बायका पारावर बोलत नसत. मी बोलले.

“जाळा एकटाच जावन मासे हाडता काय गो वयनी?”

“आणि तुमी जाळ्याशिवाय हाडतास? रिकामी दोरी वडून?”

दोघे-तिघे हसले. बाबल नाही हसला.

“भावोजी, तुमी दोर वडलास, घराक गेलास, जेवलास, निजलास. सकाळी अंग परत भरला. जाळ्याचा तसा नाय. ता रोज झिजता. सूत माझा, साल माझी, बोटा माझी फाटतत. मासे नकोत तर नकोत, माझा जाळा सोडवन दिया.”

“मधीच कसा काढतलंस? भोक पडात. हंगाम सरल्यार घेवन जा.”

“म्हणजे हंगामभर माझा जाळा फुकट राबतला?”

बाबल उठला. “आजपासून रीत एकच. खुटी टोपलीत पडली, तर वाटो. अंगाचो आणि जाळ्याचो, दोनय एकत्र. खुटी नाय, तर वाटो नाय. मग तो तांडेल असूदे नायतर मुंबैचो शेट.”

“मगे मी वडतंय. माका खुटी करून दिया.”

“बायल माणसान खुटी बांधूची नाय,” तो म्हणाला, आणि माणसं उठून गेली.

त्यानंतर तीन आठवडे माझा तुकडा रोज पाण्यात गेला आणि मी रिकाम्या टोपलीने घरी आले. माझी यमू चार वर्षांची होती. रोज विचारायची, “आये, आज बाबाचो वाटो?” रापण ओढून झाल्यावर वाडीचे लोक मदतीला आलेल्या कोणालाही मूठभर मासे देत. तेवढे मला मिळायचे. पण मूठभर मासे म्हणजे भीक. वाटा म्हणजे वाटा.

आणि त्यानंतरच्या सोमवारी, धुकं विरत असताना, सतराव्या खुटीला धाकूआजा म्हणाला, “सगुण.”

शेवटी बाबलनेच पुढे होऊन ती खुटी त्याच्या हातातून घेतली. उलटी खाच बघितली. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

“खयसून इली ही?”

“माका काय इचारतंस?” धाकूआजा म्हणाला. “टोपलीत गावली.”

“वयनी!”

“मी काय?” मी म्हटलं. “तेच्या मुठीत मी ती दिलंय. बघलास ना सगळ्यांनी?”

सगळ्यांनी बघितलं होतं. पांडू मेथराची बायको यमूला पदराखाली ओढून देवाचं नाव घेऊ लागली.

लवू म्हणून एक तरुण होता. दक्षिणेच्या दोरावर सगुण नेहमी शेवटचा असायचा. दोर येईल तसा तो गुंडाळून ठेवायचं काम शेवटच्या माणसाचं. सगुण गेल्यावर ते लवूकडे आलं होतं. लवू म्हणाला, “भाऊ, वाटो दिया आणि मिटवा. मेल्या माणसाक उपाशी ठेवू नका.”

“मेलो माणूस खुट्यो टाकता? कोणीतरी चावटपणा केल्यान.” बाबलचा आवाज चढला. किनाऱ्यावर करवंट्यांचा जाळ केलेला असायचा, होडीला लावायचं तेल त्यावर कढत असे. बाबलने सगळ्यांच्या देखत ती खुटी त्या जाळात टाकली. फणसाचं जुनं लाकूड, तेलामिठाने मुरलेलं. ते पिवळं होऊन जळलं. ती खुटी राख होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि आम्हालाही उभं ठेवलं.

“झाला?” तो म्हणाला. “आता उद्या कोण टाकता बघूया.”

मी डोळे पुसले नाहीत. यमूला घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाबल स्वतः टोपलीजवळ बसला. बायकांना त्याने केवड्याच्या रांगेमागे उभं केलं, वीस-पंचवीस पावलं लांब. मी यमूला कडेवर घेऊन उभी होते. धुकं आदल्या दिवसापेक्षा दाट. दक्षिणेच्या दोरावरची पुढची दहा-बारा माणसं दिसत होती, त्यांच्या मागची नुसती ओरडण्यावरून कळत होती. “हैसा! हैसा!” ओढणारे एका ताला-सुरात मागे मागे जात, टाचा वाळूत रुतत.

त्या दिवशी दोर लवकर आला. “आज हलको लागता,” कोणीतरी म्हणालं. जाळं लागलं तेव्हा ऊनही नीट वर आलं नव्हतं. मासळी बरी होती.

एकेक जण येऊन खुटी टोपलीत टाकू लागला. बाबल मोठ्याने मोजत होता. प्रत्येकाची खुटी डोळ्यांसमोर धरून बघायचा, मग आत टाकू द्यायचा. शेवटी लवू आला. त्याने खुटी टाकली आणि तिथेच उभा राहिला.

“अडतीस,” बाबल म्हणाला. “चल, हो बाजूक.”

“भाऊ, माझ्या पाठी आज कोण होतो?”

“तुझ्या पाठी कोण असतलो? शेवटाक तूच.”

“दोर मी गुंडाळूक नाय.”

“मगे कोणी गुंडाळल्यान?”

“माका वाटला पांडूकाका पाठी इलो. धुक्यात दिसला नाय. पण पाठी कोणतरी दोर घेय होतो. माका खोकलो आयकाक इलो.”

पांडू मेथर उत्तरेच्या दोरावर होता. तो म्हणाला, “मी हय होतंय रे, मेल्या. माझा नाव घेव नको.”

दोघे जण दक्षिणेकडे बघायला गेले. आम्हालाही केवड्यामागून ते वेटोळं दिसलं. ओल्या दोराचं नीट, गोल, थराथराने रचलेलं. वाडीत सगळे दोर उजवीकडून गुंडाळायचे. हे वेटोळं डावीकडून फिरत आत गेलं होतं.

बघायला गेलेल्यांतला एक जण दोराला हात न लावता परत आला.

“वाटे घाला,” बाबल म्हणाला. आवाज बसला होता त्याचा. अडतीस वाटे घातले. त्याने दोनदा मोजले. धाकूआजाने पाठ केली आणि टोपली मांडीजवळ ओढली.

एकेक नाव येत गेलं. लवू. पांडू. बाबल. सखाराम. जिवाजी. खुट्या वाट्यांवर जाऊन पडत होत्या. बाबल ओठातल्या ओठात मोजत होता. छत्तीस. सदतीस. अडतिसावं नाव आलं आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. लवू तर हसलाच. बायका टोपल्या उचलून पुढे निघाल्या.

धाकूआजा उठला नाही. त्याने पुन्हा टोपलीत हात घातला.

आम्ही बायका होतो तिथे थांबलो. त्याचा हात टोपलीच्या तळाशी जरा वेळ फिरला. मग मूठ मिटून वर आला. अंगठा मुठीत आत चाचपत होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग त्याने ती मूठ पाठीमागे धरली.

“सगुण,” तो म्हणाला.

पहिल्या दिवशी वाडी घाबरली होती. त्या दुसऱ्या दिवशी मी घाबरले. यमूला घेऊन मी वाळूत बसले.

बाबल त्या मुठीपासून दोन हातांवर उभा होता. त्याने स्वतः मोजलं होतं, स्वतः जाळलं होतं. तो पुढे वाकला. हात लांब केला. धाकूआजा म्हणाला, “तुका व्हयी? घे.”

बाबलने हात मागे घेतला. ती मूठ कोणीच उघडून बघितली नाही.

मग बाबल आपल्या स्वतःच्या वाट्याजवळ गेला, खाली बसला आणि त्यातले मासे दोन्ही ओंजळींनी काढून बाजूला रचू लागला. एक नवा वाटा झाला. तो बघून लवूने आपल्यातले चार मासे त्यावर टाकले. मग पांडूने. मग सगळ्यांनी.

“वयनी,” बाबल माझ्याकडे न बघता म्हणाला, “जाळ्याचो वाटो घेवन जा.” मग जरा थांबून, “उद्यापासून आदीसारख्या. दोन वाटे. मुंबैवाल्यांचे पण, बापये नाय त्या घरांचे पण.”

“आणि राहिलेल्या तीन आठवड्यांचो?” मी विचारलं. मला तेव्हा ते कसं सुचलं ते देवाला ठाऊक.

“तो पण देतलंय,” तो म्हणाला.

मी टोपली भरून घरी आले. यमूने विचारलं, “बाबाचो वाटो?” मी हो म्हटलं.

त्यानंतर सहा वर्षं माझा तुकडा रापणीत राहिला. मग नायलॉनची जाळी आली. सुताची सगळी जाळी सोडवून ज्याची त्याला परत दिली. माझा तुकडा बाबलने स्वतः खांद्यावर टाकून आणून दिला. अर्धा सुलट्या गाठींचा, अर्धा उलट्या.

त्याच आठवड्यात मी धाकूआजाला भेटायला गेले. तो खाटेला लागला होता. पेजेची वाटी घेऊन गेले होते, ती त्याच्या सुनेकडे दिली आणि उशाशी बसले. सहा वर्षं एक गोष्ट माझ्या मनात होती. म्हातारा जायच्या आत ती सांगायची होती.

“आजा,” मी म्हटलं, “एक पाप सांगूचा आसा.”

“सांग गो चेडवा.”

“तो पैलो दिवस. ती खुटी मी टाकलंय. सगुणाच्या मुठीत दिलंय खरी. पण चितेर ठेवच्या आदी गुपचूप काढून घेतलंय. तेचा कायतरी एक माझ्याकडे रवूक व्हया होता. अकरा म्हयने पेटाऱ्यात होती. त्या सोमवारी बायकांच्या गर्दीत टोपलीत टाकलंय.”

धाकूआजा खुदकन हसला. दात नव्हते, नुसत्या हिरड्या दिसल्या.

“ता माका तेवाच ठावक होता.”

“कसा?”

“सगळ्यांच्यो खुट्यो दर्याच्या दोराक लागान इलेल्यो. वल्ल्यो चिंब. आणि ती एकटीच सुकी. पेटाऱ्यातल्या कापराचो वास येय होतो.”

“मगे नाव कित्याक घेतलास?”

“हातात जेची खुटी गावली तेचा नाव घेवचा ता माझा काम. आणि जाळा तुझा पाण्यात होता. मी बाबलाक बोलूक भितंय, पण नाव घेवक भियत नाय.”

मी पण हसले. सहा वर्षांचं ओझं उतरलं. मला वाटलं, आता सगळं उलगडलं. या म्हाताऱ्यानेच दुसऱ्या दिवशी रिकामी मूठ धरली असणार. माझ्यासाठी. मी त्याचे पाय धरले.

“आजा, दुसऱ्या दिवशी तुमी ती मूठ धरलास म्हणान माझा चेडू वाढला. उपकार तुमचे.”

तो हसायचा थांबला. आंधळे डोळे वर, कौलांकडे.

“कसली मूठ?”

“रिकामी मूठ. खुटी नसताना सगुणाचा नाव घेतलास, ता.”

बाहेर त्याची सून पेज ढवळत होती, पळीचा आवाज येत होता.

“पैली सुकी होती, म्हटलंय ना मी तुका?” तो हळू म्हणाला.

“व्हय.”

“दुसरी वल्ली होती गो.”

आणि त्याने उजवा तळवा गोधडीला पुसला.